वहीचे कान

शनिवारी दुपारी चमकीबाईने पानांचा गठ्ठा दुकानाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा थोरलीने आधी चष्मा काढून पुसला. समोर दिसतंय ते खरोखरच आहे का, याची खात्री करून घेणं भाग होतं.

"ही वही आहे?" तिने विचारलं.

"होणार आहे," चमकीबाई म्हणाली. "तुम्ही शिवलीत की होईल."

"मला वाटलं उशी शिवायला आणलीस."

चमकीबाई म्हणजे धाकट्याची बायको. हे नाव थोरलीने ठेवलेलं, आणि त्याला कारणही होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने नणंदेला स्वतःच्या हाताने केलेलं एक भेटकार्ड दिलं होतं. थोरलीने ते याच टेबलावर उघडलं, आतली चमकी भुरभुरली, आणि पुढे दोन आठवडे ग्रंथालयाच्या जाडजूड कोशांच्या शिवणीतून ती डोकावत राहिली. ग्रंथपालांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे कुणाचं लग्न होतं का? वडिलांनी, म्हणजे अण्णांनी काढलेल्या या दुकानाच्या बाइंडिंगला तोवर कुणी हसलं नव्हतं.

आता पुन्हा तीच बाई, आणि पुन्हा तेच चाळे. जाड कार्डाची चौदा पानं. एकावर कागदाची जाळी, दुसऱ्यावर फुलाफुलांची चिकटपट्टी, तिसऱ्यावर जुन्या पाकिटांचे कापून केलेले खिसे आणि त्यात घरच्यांचे फोटो. एका पानावर तीन कागदी दारं, उघडझाप करणारी. एकाच्या मध्यभागी पितळी खिळ्यावर फिरणारी गोल चकती. एक पान पंख्याच्या घडीने हातभर लांब उलगडत होतं. आणि प्रत्येक पानाच्या कडेतून बाहेर आलेला अर्धगोल तुकडा: कुठे मखमलीचा, कुठे पॉलिशपेपरचा, कुठे गोधडीच्या चिंधीचा.

"आणि हे काय लोंबतंय?"

"ते कान आहेत, ताई. म्हणजे कसं, आईंना बोटांनी..."

"असू दे, असू दे. ठेव इथे आणि जा. उद्या सकाळी घेऊन येते मी."

"पण ताई, ते कान ना..."

"अगं, चाळीस वर्षं वह्या बांधतेय मी. तू मला वही समजावणार?"

चमकीबाई पर्स खांद्याला लावून गेली. जाताना टेबलावर दोन टिकल्या सांडून गेली.

तीन महिन्यांपूर्वी आईला झटका आला तो धाकट्याच्या घरी. उजवा हात गेला, बोलणं गेलं. अक्षरं डोळ्यांना दिसत, पण त्यांचा अर्थ लागत नसे. राहिली ती मान, आणि मान तर आई सगळ्यालाच हलवायची. मधल्याने, म्हणजे वकिलाने, तिला विचारलं, "आई, तू ताईकडे जाणार ना राहायला?" तिने मान हलवली. वकील म्हणाला, "झालं, संमती मिळाली." तेव्हा चमकीबाईने तिथल्या तिथे विचारलं, "आई, आपण चंद्रावर जाऊ या ना?" आईने तितक्याच मनापासून मान हलवली. वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तिथून ही वही निघाली. चित्रं असलेली, फोटो असलेली, आईने बोट ठेवून सांगावं अशी. पानं चमकीबाईने करायची, बांधायची थोरलीने, आणि रविवारी सगळ्यांसमक्ष आईलाच विचारायचं, तू राहणार कुठे. थोरली लगेच कबूल झाली. उत्तर काय येणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आईची खोली तिने कधीच तयार केली होती. पलंगाला कठडा, न्हाणीत धरायला दांडे, भिंतीवर हाताच्या व्यायामाचं वेळापत्रक. धाकट्याकडे काय होतं? चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्या, घसरडा जिना आणि सगळीकडे डिंकाचा वास.

शिवाय थोरलीला आई हवी होती. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नसतं. बोलताना ती सेवा, जबाबदारी, डॉक्टर असलेच शब्द वापरायची. पण अण्णा गेल्यापासून तिचं घर संध्याकाळी फार गप्प असे, आणि त्या घरात आईचं खोकणं जरी ऐकू आलं असतं तरी तिला पुरलं असतं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून तिने कामाला हात घातला.

कामात मात्र ती कुणाला हार जायची नाही. पानांवर इतकं काही चिकटवलेलं की नुसती शिवली असती तर वही तोंड वासून बसली असती. तिने प्रत्येक दोन पानांमध्ये पाठीच्या बाजूने अरुंद पट्ट्या भरल्या, जाडी जुळवली, दुहेरी मेणदोऱ्याने शिवण घातली. ही शिवण एके काळी आईची होती. चाळीस वर्षं आईने याच बाकावर बसून हजारो वह्या शिवल्या. शेवटी शेवटी तिची नजर कमी झाली, दोरा सैल पडू लागला, आणि थोरली संध्याकाळी तिच्यासमोर बसून तिचे टाके उसवायची आणि पुन्हा घालायची. आई बघत राहायची. त्यात थोरलीला काही गैर वाटलं नव्हतं. सैल टाका उसवायचाच असतो.

पाठीला खळ लावली, जाळीचं कापड बसवलं, घट्ट दाबलं. तासाभराने शिकंज्यातून वही काढली, तेव्हा ती पहिल्यांदा वहीसारखी दिसली. फक्त ते कान. वेडेवाकडे, रंगीबेरंगी, एकाखाली एक लोंबणारे. तीन बाजू छाटल्याशिवाय या दुकानातून वही बाहेर पडली, असं कधी घडलं नव्हतं. थोरलीने वही कटिंग मशीनमध्ये सरकवली, चाक फिरवून पक्की धरली आणि पातं खाली आणलं. कडा काचेसारखी गुळगुळीत झाली. कानांचा ढीग तिने झाडून टोपलीत टाकला आणि वहीला गडद हिरव्या कापडाचे पुठ्ठे चढवून ती वजनाखाली ठेवली. तिने स्वतःला सांगितलं की आता बाई बघेल, काम कशाला म्हणतात ते.

रविवारी सकाळी दहाला सगळे धाकट्याच्या बाहेरच्या खोलीत जमले. म्हणजे थोरली आणि वकील जमले. धाकटा घरातच असून दहा मिनिटं उशिरा आला. गावाची घड्याळं दुरुस्त करायचा आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचायचा नाही.

"तर मंडळी," वकील खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आजचा मुद्दा एवढाच आहे की..."

"वकीलसाहेब, इथे न्यायाधीश नाहीयेत," थोरली म्हणाली. "आणि मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. तुला आईला ठेवून घ्यायचं नाहीये, म्हणून तू माझ्या बाजूने आहेस."

"ताई, हे अन्यायाचं आहे हं. आमच्याकडे लिफ्ट..."

"तुमच्याकडे लिफ्ट आहे. ती नेहमी वरच असते, तुझ्यासारखी."

धाकटा हसला आणि बायकोने बघितल्यावर लगेच थांबला. चमकीबाई आईला घेऊन आली. आई उजवा पाय किंचित ओढत, डाव्या हाताने सुनेचा दंड धरून चालत होती. खिडकीशी बसली. चमकीबाईने तिच्यासमोर टेबल सरकवलं.

"आणलीत, ताई?"

थोरलीने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. वकील "वा!" म्हणाला. धाकट्याने पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अण्णांच्या हातची वाटते." थोरलीला ते ऐकून आतून बरं वाटलं, पण चेहरा तिने कोरडा ठेवला.

 चमकीबाई मात्र वहीच्या कडेकडे बघत होती.

आईने डावा हात उचलला आणि वहीवर ठेवला. बोटं कापडावरून सरकत कडेपाशी आली आणि तिथे काहीतरी शोधू लागली. वरून खाली, खालून वर. गुळगुळीत कडेवरून बोटं घसरत राहिली. मग तिने पुठ्ठा उचलायचा प्रयत्न केला. पुठ्ठा थोडा उचलला गेला आणि हात सुटताच खाली आपटला. शिवण इतकी घट्ट होती की वही दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय उघडी राहतच नव्हती. आईकडे एकच हात होता.

"अं," आई म्हणाली. पुन्हा शोधलं. "अं. अं."

"अशी नाही, आई," थोरली म्हणाली आणि उठून तिच्या शेजारी गेली. "अशी. अंगठा इथे. अगं, अंगठा. किती वेळा सांगायचं?" तिने आईचं मनगट धरून अंगठा कडेवर दाबला. मग कंटाळून स्वतःच वही उघडली, पाठीवर तळहात दाबला, आणि दारांचं पान काढून समोर धरलं. तीन दारं: तिचं तपकिरी, वकिलाचं लोखंडी जाळीचं, धाकट्याचं निळं. थोरलीने तपकिरी दार उघडून दाखवलं. आत पलंगाचा फोटो होता, कठड्यासकट. "हे बघ. इथे यायचंय ना तुला? ठेव बोट."

आईने मान हलवली.

"झालं तर," वकील म्हणाला. "नोंद घ्या सगळ्यांनी."

"चंद्रावरही जाणार होत्या त्या," चमकीबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ताई, कान कुठे गेले?"

"कसले कान?"

"प्रत्येक पानाला होता. गेले दहा दिवस आम्ही सुट्या पानांवर सराव करत होतो. मखमलीचा कान म्हणजे माणसं, पॉलिशपेपरचा म्हणजे दुखणं, गोधडीचा म्हणजे घर. त्या न बघता बोटाने पान काढायच्या. एका हाताने. परवा त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, पंखा बंद कर म्हणून. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सांगितलं हो त्यांनी."



"मग मला सांगायचं होतंस," थोरली म्हणाली.

"सांगत होते मी. दोनदा."

"तुझं बोलणं म्हणजे... त्या चिकटपट्ट्या नि टिकल्यांत काय महत्त्वाचं नि काय नाही, माणसाला कळणार कसं? वही म्हटली की कडा छाटायच्याच असतात. कुठल्याही बाइंडरला विचार."

"ही वही बाइंडरसाठी नव्हती, ताई," धाकटा म्हणाला.

बाकी कुणी बोललं असतं तर थोरलीने तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण धाकटा तिच्याशी असं कधी बोललाच नव्हता. पाचवीपासून त्याच्या वह्यांना कव्हरं तिने घातली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, तर तो मान खाली न घालता बघत होता.

आई अजून कडेवरून बोटं फिरवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपणच विसरलो, आपल्याच हाताला काही सापडत नाही, असं तिला वाटत असणार, हे थोरलीच्या लक्षात आलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातच्या कामाची शरम वाटली.

"सुरी आण," ती म्हणाली.

"काय करताय?" चमकीबाईने विचारलं.

"आण म्हटलं ना! चिंध्या कापायची नको, धारेची आण."

तिने वही उलटी धरली, पाठीच्या खाचेत सुरीचं टोक घातलं आणि वरपासून खालपर्यंत ओढलं. कापड फाटलं. मग एकेक टाका. दुहेरी मेणदोरा सहज तुटेना, तेव्हा वकील म्हणाला, "अगं ताई, एवढी सुंदर वही..." आणि थोरलीने त्याच्याकडे नुसतं बघितल्यावर गप्प बसला. पुठ्ठे सुटले, पट्ट्या गळून पडल्या, चौदा पानं सुटी झाली. चमकीबाईने ती टेबलावर ओळीने मांडली. मांडताना एका पानावरून हात फिरवून ती म्हणाली, "ही जाळी फाटली," आणि थोरली म्हणाली, "चिकटव. तुला तेवढंच येतं." पण त्यात जोर नव्हता.

आईने हातानेच डोळे पुसले. पानांवरून नजर फिरवली. मग दारांचं पान पुढे ओढलं आणि निळ्या दारावर बोट ठेवलं.

"घाईने ठेवलं," वकील म्हणाला. "हे ग्राह्य धरता येणार नाही."

"बरोबर आहे," चमकीबाई म्हणाली. सगळ्यांना वाटलं होतं ती आनंदाने उडी मारेल. तिने पान उचललं, उलटं केलं, बाकीच्या पानांत मिसळलं, पुन्हा सगळी मांडली. आईने दारांचं पान शोधलं. निळं दार. तिसऱ्या वेळी चमकीबाईने मुद्दाम ते पान पार टोकाला ठेवलं. आई खुर्चीतून पुढे वाकली, हात लांब केला, पान ओढलं, निळं दार नखाने उघडलं आणि आतल्या तिच्या पिवळ्या चादरीच्या फोटोवर बोट ठेवून तसंच दाबून धरलं.

आता वकिलाने खुर्ची मागे सरकवली.

थोरलीच्या डोळ्यांसमोर ती खोली आली. कठडा, दांडे, भिंतीवरचं वेळापत्रक. दोन महिने ती त्या खोलीत रोज जाऊन उभी राहत होती. एखाद्या शहाण्या बाईने इथेच थांबून चहा मागितला असता. पण शहाणपण थोरलीला दुकानातच सुचायचं, घरात नाही.

"का?" तिने विचारलं. "आई, का? माझ्याकडे काय कमी आहे?"

"ताई, नको," धाकटा म्हणाला.

"तू थांब. तिला सांगू दे. एवढी पानं केलीत ना, मग सांगू दे तिला."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चकतीचं पान जवळ घेतलं. चकती फिरवली की कागदात कापलेल्या छोट्या खिडकीत एकेक चेहरा यायचा: हसरा, रागावलेला, दुखणारा, कंटाळलेला. आईने अंगठ्याने चकती हळूहळू फिरवली. हसरा गेला, रागावलेला गेला. डोळे मोठे केलेला, तोंडावर हात घेतलेला चेहरा खिडकीत आला तेव्हा ती थांबली. चित्र चमकीबाईने काढलेलं, त्यामुळे बेढबच होतं, पण भीती कळत होती. मग आईने फोटोंच्या पानावरच्या खिशातून थोरलीचा फोटो काढला आणि त्या खिडकीशेजारी ठेवला.

"तिला समजत नाहीये ती काय करतेय," वकील घाईने म्हणाला. "ताई, तू मनावर घेऊ नकोस. हे असं, म्हणजे, कुठल्याही अर्थाने..."

"गप्प बस," थोरली म्हणाली. "तिला सगळं समजतंय."

ती खाली बसली. आईसमोरच्याच वेताच्या मोड्यावर. तिच्या मनात सतरा उत्तरं आली. मी तुझ्यासाठी काय केलं नाही, डॉक्टर कुणी आणले, औषधं कोण बघतं. सगळी खरी होती. आणि आई अजून त्या फोटोवर बोट दाबून, मान खांद्यांत घेऊन बसली होती, जणू आता टेबलापलीकडून ओरडा येणार. थोरलीने ते पाहिलं आणि मोडा थोडा मागे सरकवला.

 खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी जोडा मागत होतं, मोठ्याने, आठ नंबरचा.

"बरं," थोरली शेवटी म्हणाली. "तू इथेच राहा." आणि मग, "मी येऊ का इथे? तुला बघायला?"

तिने हे विचारल्यावर धाकटा आणि वकील दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. त्यांची बहीण कुणाच्याही घरी विचारून गेल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

आईचा हात पानांकडे गेला. एक पान उचललं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, निरखलं, तेही ठेवलं. कोणतं पान हवं असावं ते थोरलीला दिसत होतं; हातभरावर उजव्या बाजूला पडलं होतं, बोटाने सरकवलं असतं तर काम झालं असतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि दाबून धरले. आई चुकून जेवणाच्या पानापाशी गेली. परत आली. थोरलीने हात आणखी घट्ट दाबले.

शेवटी आईने पंख्याच्या घडीचं पान धरलं. एका हाताने ते उलगडताना घडी दोनदा परत मिटली. तिसऱ्यांदा उलगडली. त्यात दिवसाचे पहर होते: डोंगरामागून येणारा सूर्य, डोक्यावरचा सूर्य, दिवा, चांदण्या. आईने पहिल्या सूर्यावर बोट ठेवलं. मग तळहाताने बाकीचे सगळे पहर झाकून टाकले.

"सकाळी या म्हणतायत," चमकीबाई हळूच म्हणाली. "फक्त सकाळी."

"दिसतंय मला. आंधळी नाहीये मी," थोरली फणकाऱ्याने म्हणाली.

 आईने ते पान तिच्याकडे सरकवलं. थोरलीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि दोघा भावांसमोर, भावजयीसमोर, रुमालही न शोधता ती रडू लागली.